मूठ एक, लगाम आणि ढाल दोन: तलवार-बकलर घोड्यावर नेताना

घोडी थांबली, मी थांबलो नाही.

डाव्या मुठीत बकलर ही छोटी ढाल, त्याच मुठीत लगाम, उजव्या हातात वेताची काठी आणि समोर खांबाला बांधलेलं भुशाचं पोतं. पोतं जवळ आलं तसे जमिनीवर वर्षभर घोटलेल्या सवयीने माझे दोन्ही हात एकत्र तोंडासमोर गेले. बकलर वर गेली, तिच्याबरोबर लगाम वर खेचला गेला, कडियाळ तोंडात कचकन बसलं. त्या म्हाताऱ्या घोडीने हुकूम ऐकला आणि चारही पाय रोवले. मी तिच्या मानेला मिठी मारून लोंबकळत होतो, पोतं अजून हातभर लांब होतं.

मध्ययुगीन युरोपातली तलवार-बकलरची विद्या शिकायला लागलेला माणूस सहा महिन्यांत हमखास विचारतो, की हे घोड्यावरून कसं करायचं? माझं उत्तर त्या घोडीने दिलेलंच आहे. बकलर घोड्यावर नेऊन फारसं काही साधत नाही. तिचं काम मात्र नेता येतं. फक्त ते काम कोणी करायचं ते नव्याने वाटून द्यावं लागतं: थोडं तलवारीने, थोडं तुमच्या बैठकीने आणि बरंचसं घोड्याने. कसं, ते पायरी-पायरीने बघू.

बकलरचं काम नेमकं काय

बकलर म्हणजे मुठीत धरायची छोटी ढाल, बहुधा गोल. व्यास साधारण २० ते ३५ सेंटिमीटर, म्हणजे नाश्त्याच्या ताटलीपासून जेवणाच्या ताटापर्यंत. मागे एकच आडवी मूठ, पुढे वाटीसारखा फुगवटा, त्यात आपली मूठ लपते. हाताला बांधायचा पट्टा नाही. कमरेला अडकवून हिंडता येई म्हणून ती शिपाई, विद्यार्थी, वाटसरू अशा सगळ्यांकडे असे. ढालीवर तलवार आपटत, आवाज करत फिरणारा तो ‘स्वॅशबकलर’ हा इंग्रजी शब्द तिथूनच आला.

एवढ्याशा ताटलीने अंग झाकत नाही, आणि इथेच नवशिका चुकतो. तो बकलर छातीशी धरून बसतो. दिव्याजवळ धरलेला हात भिंतभर सावली पाडतो, भिंतीजवळ धरला तर हाताएवढीच. बकलरचंही तसंच आहे. ती जितकी पुढे, शत्रूच्या जवळ, तितकी जास्त जागा अडवते. आणि सगळ्यात आधी तिने झाकायचा असतो तो तुमचा तलवारीचा हात, कारण वार करताना तोच सर्वांत पुढे जातो.

हे ज्यात चित्रांसकट सांगितलंय ते हस्तलिखित ‘आय.३३’ या नावाने ओळखलं जातं. १४व्या शतकाच्या सुरुवातीचं, युरोपातलं आज हाती असलेलं सर्वांत जुनं तलवारविद्येचं पुस्तक. मजकूर लॅटिन, मधूनमधून जर्मन शब्द. शिकवणारा एक पाद्री, शिकणारा त्याचा विद्यार्थी, आणि शेवटच्या पानांवर विद्यार्थ्याच्या जागी वालपुर्गिस नावाची एक बाई तलवार-बकलर घेऊन उभी राहते. जर्मनीत गोथाच्या ग्रंथालयातून ते दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत गायब झालं आणि १९५० साली लंडनच्या लिलावात उगवलं. आता ते इंग्लंडच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयाकडे आहे. त्यात घोडा एकही नाही.

बाकीच्या पुस्तकांतही असंच दिसतं. हान्स तालहोफर या जर्मन शस्त्रगुरूच्या १४६७ सालच्या पुस्तकात तलवार-बकलरची जोडी आहे, पण जमिनीवर. घोडेस्वारही आहेत, पण तलवार, भाला, आडवं धनुष्य (क्रॉसबो) घेतलेले. तेव्हा घोड्यावरची बकलर हा आपला प्रयोग आहे, परंपरा नाही, हे पहिल्या दिवशीच स्वतःला सांगून टाकलेलं बरं.

घोड्यावरच्या सरदाराकडे ढाल नव्हती असं नाही. त्याची ढाल पट्ट्यांनी हाताला बांधलेली असे, शिवाय एक पट्टा गळ्यातून. त्यामुळे मूठ लगामाला मोकळी राही. आपल्याकडच्या ढालीचीही तीच खुबी. कातड्याची असो वा पोलादाची, मागे दोन कड्या आणि मध्ये गादी. दोन्ही कड्या एका मुठीत धरल्या तर ती जवळजवळ बकलर होते, हात आरपार सरकवला तर ढाल कोपराकडे जाते आणि बोटं सुटी होतात. बकलरला हे जमत नाही. तिने मूठच मागून घेतलेली असते.

पहिली पायरी: जमिनीवर, आणि घाई न करता

आय.३३ मध्ये सात पवित्रे आहेत: डाव्या काखेखाली, उजव्या खांद्यावर, डाव्या खांद्यावर, डोक्यावर, उजव्या बाजूला खाली, छातीशी, आणि सातवा तलवार लांब खाली सोडून धरलेला. हे सात पाठ होईपर्यंत आणि प्रत्येकातून निघणारा वार हाताला माहीत होईपर्यंत घोड्याचा विषय काढू नका. समोरच्याने घेतलेल्या पवित्र्याला तोड म्हणून जो पवित्रा घ्यायचा, त्याला हे पुस्तक ‘वेढा’ अशा अर्थाचा शब्द वापरतं. मला तो शब्द फार आवडतो. वार येण्याआधीच वाट अडवून बसायचं.

यातला एकच धडा घोड्यावर जसाच्या तसा येतो, म्हणून तो जास्त घोटा: हात पात्याच्या मागे ठेवायचा. वार करताना आधी पातं जातं, मग मूठ, मग खांदा. आधी मूठ पुढे गेली तर जमिनीवर बकलर तुमची चूक झाकून घेते, घोड्यावर झाकणारं कोणी नाही. बकलर खाली ठेवून, डावा हात कमरेच्या पुढे लगाम धरल्यासारखा ठेवून सातही पवित्रे पुन्हा करा. जोडीदाराला मऊ काठीने फक्त तुमच्या मनगटावर मारायला सांगा. पहिल्या दिवशी मनगट सुजतं. दहा दिवसांत सुजेनासं होतं.

कोल्हापूरकडे मर्दानी खेळात फरी-गदका खेळलेल्या मंडळींना हे लवकर जमतं. फरी म्हणजे छोटी ढाल, गदका म्हणजे कातडं चढवलेली काठी. दोन हातांनी दोन वेगळी कामं करायची सवय त्यांच्या अंगात आधीच असते. मात्र त्यांची पावलं फार सुंदर पडतात, आणि नेमकी तीच पुढच्या पायरीला काढून घ्यायची आहेत.

दुसरी पायरी: पाय काढून घ्या

जमिनीवरच्या तलवारबाजीत अर्धं काम पाय करतात. अंतर तेच तोडतात, वार चुकवतात, कोन बदलतात. घोड्यावर ते काम घोड्याकडे जातं, आणि तो तुमच्या मनाने नाही, तर स्वतःच्या मनाने आणि तुमच्या मांडीच्या इशाऱ्याने चालतो.

म्हणून आधी लाकडी घोडा. ही काही गरिबाची सोय नाही. रोमन सैन्याविषयी लिहिणारा वेगेतियस सांगतो, की नवे शिपाई लाकडी घोड्यांवर चढ-उतर शिकत, आधी नि:शस्त्र, मग हत्यारांसकट, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. त्याचं पुस्तक मध्ययुगात युरोपभर वाचलं जाई. आम्ही डिझेलचा रिकामा ड्रम आडवा करून चार वाशांवर बांधला, वर दोन गोणपाटं आणि जुनं खोगीर टाकलं. पुढे मान म्हणून पोत्यात गुंडाळलेला बांबू तिरका ठोकला. हा बांबू विसरू नका. मान नसलेल्या लाकडी घोड्यावर सगळेच शूर असतात.

बांबूच्या टोकापासून एक दोरी डाव्या मुठीत घ्या आणि दोरीला एक छोटी घंटा बांधा. आता उजव्या हाताने वार करा. घंटा वाजली तर लगाम हलला. पहिल्या दिवशी देवळात आरती चालल्यासारखा आवाज येतो, कारण उजवा खांदा फिरला की डावा आपोआप मागे जातो. कंबर फिरवायची पण डावी मूठ खोगिराच्या पुढच्या उंचवट्याजवळ जागच्या जागी ठेवायची, एवढी एकच गोष्ट शिकायला मला तीन आठवडे लागले. घंटेशिवाय ती तीन वर्षांतही आली नसती.

पोर्तुगालचा राजा दुआर्ते, ज्याचं राज्य १४३३ ते १४३८ एवढंच चाललं, त्याने घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिलं. न डळमळता बसण्याचा विचार त्यात फार विस्ताराने येतो. राजाला वेळ होता असं समजू नका. त्याला माहीत होतं, की मांड पक्की नसलेला माणूस तलवार तोल सांभाळायला वापरतो.

तिसरी पायरी: सात पवित्र्यांची नवी वाटणी

आता ड्रमवर बसून सातही पवित्रे एकेक करून तपासा. सगळे सारखे उपयोगी नाहीत.

उजवा खांदा सर्वांत सोपा. उजवीकडे जमिनीवर उभ्या माणसावर वरून येणारा वार यातूनच निघतो. धोका वाराच्या शेवटी आहे. जमिनीवर पातं पायाशेजारून निघून जातं, घोड्यावर तिथे तुमचाच गुडघा, रिकीब आणि घोड्याचा खांदा असतो. म्हणून वार खाली नव्हे, मागे संपवा. पात्याचं टोक शेपटीकडे, बाहेरच्या अंगाने.

डावा खांदा हा डावीकडच्या शत्रूसाठी एकमेव कामाचा पवित्रा. पण तलवार मानेच्या वरून पलीकडे जाते, आणि घोडा नेमकी त्याच वेळी मान उचलतो. कानाच्या एक वीत वरून काठी जाते की नाही हे ड्रमवरच्या बांबूवर मोजा. जात नसेल तर वार करूच नका, घोडा वळवा.

डोक्यावरचा पवित्रा जोरकस आहे खरा, पण बकलर नसताना उघडा हात उंच नेऊन ठेवणं मला पटत नाही. छातीशी असलेल्या पवित्र्यातून भोसकता येतं आणि जोर सगळा घोड्याचा असतो, तुम्ही फक्त टोक धरून ठेवायचं. टोक लागलं की कोपर ताठ ठेवू नका. हात मागे जाऊ द्या आणि पुढे निघून जाताना पातं ओढून घ्या, नाहीतर मनगट जातं. सातवा, खाली सोडलेला पवित्रा सरळ वगळा, टोक लगामात किंवा पुढच्या पायांत जातं.

उजव्या बाजूला खाली मागे असलेला पवित्रा गमतीचा आहे. जमिनीवर तो धोक्याचा, कारण त्यात तलवारीचा हात बकलरपासून फार दूर पडतो. घोड्यावर बकलरच नाही, तेव्हा तो तोटा गेला आणि खालून वर येणारा वार हाती राहिला. मात्र पातं घोड्याच्या बरगडीला लागू देऊ नका. त्याला वाटतं चाबूक आला, आणि तुम्ही न ठरवता भरधाव निघता.

आता काखेखालचा. आय.३३ मध्ये हा पहिला पवित्रा आहे आणि घोड्यावरही मी त्यालाच पहिला मान देतो. तलवार डाव्या बगलेकडे, टोक मागे. जवळजवळ अशीच तलवार धरलेला घोडेस्वार इटलीचा शस्त्रगुरू फिओरे देई लिबेरी याच्या सुमारे १४१० सालच्या पुस्तकात आहे. फिओरे या पवित्र्याला ‘लांब शेपूट’ म्हणतो, आणि सांगतो की शत्रूच्या उजव्या अंगाला असताना भाल्याविरुद्ध आणि हातातल्या कुठल्याही हत्याराविरुद्ध तो फार चांगला. कारण साधं आहे. डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखी तलवार आली, की समोरून येणारं हत्यार बाहेर, घोड्याच्या मानेपासून लांब फेकलं जातं आणि तुमचं पातं वर, मोकळं, उलट्या वाराला तयार राहतं. जमिनीवर बकलर जी जागा अडवते, ती इथे ही झाडणी पुसून काढते. एक खबरदारी: उजवा हात लगामाच्या मुठीच्या वरून न्या. खालून नेलात तर वर येताना लगाम सोबत येतो, आणि पुढे काय होतं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.

चौथी पायरी: कुठल्या अंगाने भिडायचं

समोरासमोर येणारे दोन स्वार एकमेकांच्या डाव्या अंगाने जाऊ शकतात किंवा उजव्या. भाल्याच्या स्पर्धेत मध्ये आडोसा असतो आणि स्वार डाव्या अंगाने जातात, भाला मानेवरून तिरका धरून. एका हातातल्या तलवारीला हे चालत नाही. उजवं अंग उजव्या अंगाला, हेच नवशिक्याने धरून बसावं. शत्रू डावीकडे आला तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये घोड्याची मान, लगाम आणि तुमचा स्वतःचा डावा हात एवढं सगळं येतं. त्याच्या तलवारीला मात्र तुमची पाठ दिसते.

म्हणून म्हणतो, घोडा हीच बकलर. तो दोन पावलं उजवीकडे सरकला की शत्रूचा हात मानेपलीकडे अडकतो, डावीकडे सरकला की तुमचा हात मोकळा होतो. आय.३३ मधला ‘वेढा’ इथे मांडीने घालायचा असतो.

वेळेचाही हिशोब करा. घोडा मध्यम दौडीत ताशी २२ किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे सेकंदाला सहा मीटर. दोन घोडे समोरासमोर आले की बारा मीटर. तुमची तलवार शत्रूला पोचेल असा टप्पा दोन मीटर धरला तर हातात येतो सेकंदाचा सहावा भाग. जमिनीवर पवित्रा, तोड, पुन्हा तोड असा जो संवाद चालतो त्याला इथे जागाच नाही. एक वाक्य बोला आणि निघा. पवित्रा ३० पावलं आधी ठरलेला हवा. तो ऐन वेळी बदलायला गेलेला माणूस दोन्ही पवित्र्यांच्या मध्ये सापडतो.

संवाद परत सुरू होतो तो घोडे थांबून एकमेकांना खेटले की. तेव्हा तलवारी एकमेकींवर अडतात, पाती घासतात, आणि आय.३३ मधली खरी विद्या कामी येते. त्या पुस्तकात पाती भिडली की पुढे होऊन बकलरने समोरच्याचे दोन्ही हात दाबून टाकायचे आणि तेवढ्यात मारायचं, हा डाव पुन्हा पुन्हा येतो. घोड्यावर बकलरच्या जागी मोकळा डावा हात येतो. क्षणभर लगाम सोडायचा आणि शत्रूचं मनगट, नाहीतर त्याच्या घोड्याचा लगाम पकडायचा. फिओरेच्या घोड्यावरच्या चित्रांत लगाम धरणं आहे, मानेवरून हात टाकून कडियाळापाशी पकडणं आहे, समोरच्याचा पाय रिकिबीसकट उचलून त्याला पलीकडे पाडणंही आहे. वाचायला मजा येते. सरावात यातलं फक्त मनगट धरणं ठेवा, तेही ड्रमवर. दुसऱ्याच्या घोड्याचं तोंड ओढण्याचा सराव कुठल्याही पागेत करू देत नाहीत, आणि करू देऊही नये.

पाचवी पायरी: खरा घोडा

शांत, वयस्क, एका हाताच्या लगामाला सरावलेला घोडा हवा. शर्यतीतून काढलेला स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. पहिले चार-पाच दिवस काठी घेऊन नुसतं त्याच्या शेजारी चाला. त्याला काठी हुंगू द्या, मग मानेवरून, पाठीवरून अलगद फिरवा, मग कानाजवळ हवेत. कान मागे पडले की थांबा. मोतद्दाराला विचारा, तो तुमच्यापेक्षा घोड्याला ओळखतो.

मग वर बसून, फक्त चालत. हातात पोलाद नको, फोम चढवलेली काठी पुरे. उजवीकडे खांदाभर उंचीवर पोतं लावा आणि काखेखालच्या पवित्र्यातून एकच झाडणी करा. दहा फेऱ्या. दहाही फेऱ्यांत घोडा सरळ चालला तर दुडकी चाल. दुडकीत तुम्ही उसळता, वार दोन वीत वर-खाली जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उसळून खाली बसताना वार सोडला तर तो लागतो. दौड सहा महिन्यांनी. टेंट पेगिंग या घोडेस्वारांच्या खेळात दौडत्या घोड्यावरून टांगलेली लिंबं तलवारीने कापतात, ते शिकवणारं कोणी जवळपास असेल तर आधी त्यांच्याकडे जा. युरोपातल्या विद्येशी त्याचा संबंध नाही, पण लगामाची मूठ शांत ठेवणं ते तुमच्यापेक्षा चांगलं शिकवतील.

दोन स्वारांनी समोरासमोर यायचं ते अगदी शेवटी, चालत, उजव्या अंगाला उजवं अंग, मध्ये तीन हात अंतर, डोक्याला जाळीदार मुखवटा आणि खाली हेल्मेट. फक्त पात्यावर पातं. माणसावर वार नाही, घोड्याकडे तर काठीचं टोकही नाही.

आणि तरीही बकलर हातात हवीच वाटत असेल, जशी मला वाटली होती, तर ती ड्रमवर, घंटेसकट घेऊन बघा.

सराव संपला की तंग ढिला करा, घाम पुसा, खरारा करा. त्याआधी मात्र लगाम काढताना घोड्याच्या ओठांच्या कडा बोटाने उघडून बघा. तिथे लाल रेघ दिसली तर तुमचा डावा हात अजून बकलर धरल्यासारखा वागतोय. दुसऱ्या दिवशी घोड्याला सुट्टी, तुम्ही ड्रमवर.